सुकुमारचा टाइमआउट

सुकुमार गेला त्या सकाळी मी त्याच्याशी भांडायची तयारी करत होतो.

साताऱ्यात घरी, अंघोळ-पूजा उरकून लॅपटॉपपुढे बसलेलो. त्याचं म्हणणं कसं चूक, ते मुद्देसूद लिहीत होतो.

तेवढ्यात सांगलीहून त्याच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. हार्ट अटॅक.

आज वर्ष झालं. आणि खरं सांगतो, मला अजून त्याचा हेवा वाटतो.

आमचं भांडण कशावरून, ते सांगतो.

पडद्यावर चित्र उमटवणारी एक चिप असते. तिच्याशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. तो तिला काम सांगतो आणि उत्तराची वाट बघतो. किती वाट बघायची, त्या मुदतीला टाइमआउट म्हणतात.

मुदत संपली की चिप अडकली असं धरून तिला रिसेट करायचं. पडदा काळा होतो, चालू काम जातं.

आम्ही दोघं एकाच टीममध्ये, आपापल्या घरून, हेच काम करायचो. मी म्हणायचो, मुदत कमी ठेवू. अडकली तर लवकर मोकळी होईल.

तो म्हणायचा, "जुन्या चिपा हायत गड्या, दमानं घेतील. आन मुदत संपली तरी रिसेटच्या आधी येकदा बघ की. वाट बघणाऱ्यालाच डुलकी लागली आसंल तर?"

माझी आईसुद्धा त्याच्याच बाजूची. "त्याच्यावानी जरा थांबत जा रं," म्हणायची. कॉम्प्युटरचं तिला काही कळत नव्हतं, तरी.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळ. गावच्या देवीला कौल लावतात. ओल्या मूर्तीवर फूल चिकटवायचं, प्रश्न विचारायचा, आणि उजवीकडून पडतं की डावीकडून ते बघायचं. उजवीकडून म्हणजे हो.

पुण्याची नोकरी सोडून घरी यावं का, हे विचारायला मी गेलो होतो. सुकुमार सोबत आला. तो जैन, कौल बघायची पहिलीच वेळ.

फूल काही पडेना. माझे गुडघे दुखायला लागले. गुरव म्हणाला, "आज देवी बोलत न्हाई. उठा."

मी उठलोसुद्धा.

"आवं गुरव, थांबा की जरा!" हा मागून म्हणाला. "तिला घाई न्हाई, तुमाला कसली?"

गुरव हसला, थांबला. आणि फूल पडलं. उजवीकडून.

देवी माझी, प्रश्न माझा, उपास माझा. आणि तिनं ऐकलं कुणाचं?

घरी येईपर्यंत मी फुरंगटून पुढं पुढं चालत राहिलो. तो मात्र लय खूश.

तो गेल्यावर ड्रायव्हरमधले आमचे दोन्ही बदल, माझा कमी मुदतीचा आणि त्याचा थांबून बघण्याचा, तसेच पडून राहिले. टीम म्हणाली, आता तुम्हीच ठरवा. जुने लॅपटॉप वापरणाऱ्यांच्या, पडदा काळा होतो अशा तक्रारी येतच होत्या.

माझा पाठवायला हात धजेना. त्याचा पाठवायला मन होईना.

परवा सांगलीला गेलो. वहिनींनी त्याचा जुना लॅपटॉप काढून दिला. त्यावर आधी माझा बदल टाकला, मशीन झोपवलं, उठवलं.

पडदा काळा.

नोंदी बघितल्या. चिपनं उत्तर दिलं होतं. माझा ड्रायव्हर ते न बघताच उठला होता, रिसेट करून मोकळा झाला होता.

मग त्याचा टाकला. पडदा थोडा वेळ तसाच राहिला. नेहमीसारखा मीच चुळबुळलो.

"भावजी, बसा की जरा. चहा तरी घ्या," वहिनी म्हणाल्या.

कप हातात घेईपर्यंत चित्र आलं.

"ह्यांचंच खरं निघालं व्हय?" त्या हसल्या, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

मी देव मानणारा माणूस. रोज जप करतो. पण वाट बघणं देवानं सुकुमारलाच दिलं होतं, आणि ते त्यानं मागितलंही नव्हतं. याचा हेवा जाईल असं वाटत नाही. जाऊ नये, असंही वाटतं. तेवढाच तो जवळ राहतो.

सुकुमार, गड्या, तू आहेस तिथं निवांत अस. साताऱ्याहून नमस्कार.

आज सकाळी पूजा झाल्यावर मी माझा बदल मागे घेतला. तुझा पाठवला.

त्या बदलावर लिहिणाऱ्याच्या जागी तुझं नाव आहे. तपासणाऱ्याच्या जागी माझं.