काळे गाऊन, पिवळी बदकं

बुधवार, ९ ऑक्टोबर. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन. दूध पातळ. धाकटी जाऊ अकराच्या सुमारास आली आणि मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन गेली. कशाला, ते सांगितलं नाही. जाताना बरणीतलं सगळं मीठही नेलं. चहा घेतला नाही. गुडघा कालपेक्षा बरा.

रोजनिशीत मी एवढंच लिहिलं होतं. खरं तर धाकटी माझ्या घरातून चहा न घेता बाहेर पडली हीच त्या दिवसाची मोठी बातमी होती, आणि तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. सून म्हणून ती या घरात आली तेव्हा सोबत एक शिलाई मशीन आणि एक अखंड चालणारी जीभ घेऊन आली. मशीनला अधूनमधून तेल तरी लागायचं. पुढे तिने प्रसूतिगृहासमोर दुकान टाकलं. माल एकच, बाळंतिणींचे गाऊन. पायघोळ, बंद गळ्याचे, लांब बाह्यांचे, गळ्याला आणि मनगटाला झालर, दोन्ही बाजूंना खोल खिसे, आणि पुढे बाळाला पाजण्यासाठी दोन उभ्या फटी. रंग फिके गुलाबी, फिके निळे, फिके पिवळे. छातीवर डावीकडे मशीनने भरलेलं पिवळं बदक. बदकच का, असं मी एकदा विचारलं होतं.

"ताई, बदक बघून कधी कोणाला राग आलाय का?" ती म्हणाली.

एका अख्ख्या पिढीने तिच्या गाऊनमध्ये मुलं पाजली. मग प्रसूतिगृह शहराबाहेरच्या चकचकीत इमारतीत गेलं, जिथे गाऊन बिलातच धरतात. जुन्या जागेत व्यायामशाळा आली. व्यायामशाळेतून घाम पुसत बाहेर पडणाऱ्या माणसाला बाळंतिणीचा गाऊन विकता येत नाही. धाकटीने प्रयत्न करून पाहिला.

भावजी गेल्यावर दुकान चिरंजिवांच्या नावावर झालं होतं. चिरंजीव चाळिशीला आले आहेत, आणि मोबाइलची कव्हरं विकून मोठं व्हायचं त्यांनी ठरवलं आहे. त्यांनी आईला सांगितलं, "वर्ष संपेपर्यंत माल हलला तर हलला. नाहीतर शटरची किल्ली मला दे, आणि तू आता आराम कर." धाकटी आजाराला घाबरत नाही. पण आराम म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. त्या दुकानाबाहेर तिला करमत नाही, आणि ती घरी बसली तर तिच्या सुनेलाही करमणार नाही.

अशा वेळी तिच्या आयुष्यात अमावास्या आली. हे नाव धाकटीनेच ठेवलेलं. शेजारच्या औषधांच्या दुकानात ही नवीन मुलगी लागली होती. पायात काळे बूट, त्यांना इतके पट्टे की घालायला सकाळ आणि काढायला संध्याकाळ जावी. हातात काळे जाळीचे मोजे, ओठ काळे, डोळ्यांभोवती काजळाचं रिंगण, गळ्यात एक क्रॉस आणि एक वटवाघूळ. बाकी मुलगी गोड. सर्दीची गोळी जेवणानंतर घ्यायची हे इतकं मायेने सांगायची की सर्दी व्हावीशी वाटे. मला तिच्या कपड्यांचं काही नवल वाटलं नाही. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बाराही महिने नखशिखांत काळ्या असत, गळ्यात क्रॉस असे, आणि चेहऱ्यावर त्यांना रंग लावावा न लागताही मुलं घाबरत.

धाकटीला मात्र राहवलं नाही. "अगं पोरी, घरात कोणी गेलं का?"

"नाही हो काकू. गॉथिक आहे हे. स्टाइल आहे."

"म्हणजे कोणी गेलं नसतानाच?"

"हो."

"बरं बाई. आणि हे मिळतं कुठे?"

"मिळत नाही ना! बाहेरून मागवावं लागतं. बाही आली तर गळा अडकतो. मला ना काकू, पायघोळ, बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा, भरपूर झालर असलेला गाऊन हवाय. काळा."

धाकटीने मागे वळून आपल्या कपाटांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझं पातेलं गेलं.

तिने तीन-चार गुलाबी गाऊन त्यात मीठ आणि काळा रंग घालून उकळले. कापड सुती होतं, त्यावर रंग चढला. दोरा टेरिलिनचा होता, त्यावर चढला नाही. वाळल्यावर बघते तर गाऊन काळाकुट्ट, आणि त्यावर प्रत्येक शिवण गुलाबी, प्रत्येक टाका उघडा, एक्सरे काढल्यासारखा. बदक तर पिवळंधमक राहिलं होतं. काळ्या छातीवर ते एकटंच, रात्री रस्ता चुकल्यासारखं.

"आयुष्यभर टाके लपवले मी," धाकटी माझ्याकडे येऊन रडली, "आणि आता बघा! सगळ्या गावाला माझी शिवण मोजता येईल."

मी तिला म्हटलं, टाके चांगले सरळ आहेत, मोजू देत. आणि पातेलं कुठाय? त्यावर ती आणखी रडली.

अमावास्येने मात्र ते गाऊन पाहिले आणि दुकानातच उडी मारली, त्या बुटांसकट. दोन काचा हादरल्या. एक स्वतःसाठी घेतला, एक मैत्रिणीसाठी. गाऊन घालून तिने फोटो काढले, ते फोटो फोनवरून कुठे कुठे गेले, आणि एका दुपारी दुकानात एक डिझायनर आले. मीही तिथे स्टुलावर बसले होते. भर उन्हात काळा लांब कोट, एका कानात लहानसा खंजीर, केस एका डोळ्यावर. उरलेल्या डोळ्याने त्यांनी गाऊन पाहिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शिवण अशी उघडी टाकायचं धाडस तुम्हाला कुठून आलं?"

"धाडस कसलं, दोरा..."

मी तिला चिमटा काढला.

"हे टाके म्हणजे देहावरचे टाके आहेत," ते म्हणाले. "आणि या दोन फटी. हृदयाकडे जाणाऱ्या जखमा."

"तिथून बाळाला पाजतात," धाकटी म्हणाली.

त्यांनी दिसणारा डोळाही मिटला. "जन्म आणि मरण. एकाच वस्त्रात." मग बदकावर बोट ठेवून, "आणि हे?"

"बदक आहे ते."

"हरवलेलं बालपण," असं त्यांनी फोनमध्ये बोलून ठेवलं. त्यांना डिसेंबरातल्या मोठ्या शोसाठी असे गाऊन हवे होते. "असेच. अगदी असेच," ते दोनदा म्हणाले. कपाटातले सगळे घेतो, म्हणाले. चिरंजीव त्या दिवशी जागेचं माप घ्यायला टेप घेऊन आले होते. त्यांनी टेप गुपचूप खिशात घातली आणि डिझायनरसाहेबांना थंड पाणी दिलं. आईला त्यांनी शेवटचं पाणी कधी दिलं होतं ते मला आठवत नाही.

मग धाकटी हवेत गेली. "आमच्या गॉथिकमध्ये असंच असतं," हे वाक्य मला दिवसाआड ऐकू येऊ लागलं. एकदा ती स्वतः काळा गाऊन घालून आणि काळी लिपस्टिक लावून माझ्याकडे आली. साठी उलटलेली, अंगाने भरलेली धाकटी त्यात मिटलेल्या छत्रीसारखी दिसत होती. लिपस्टिक माझ्या कपाला लागली आणि साबणाने निघाली नाही. पण चहा पिता पिता ती गप्प झाली. धाकटी गप्प झाली की मी घड्याळ बघते, बंद पडलं की काय म्हणून.

"ताई, ती चूक आता स्टेजवर जाणार."

"अगं, त्यांना तीच हवी आहे."

"असं कधी असतं का? भिडस्त आहेत बिचारे. पहिल्याच भेटीत बाईमाणसाला कसं सांगणार, की तुम्हाला दोरा निवडता येत नाही?"

"ते दोनदा म्हणाले, असेच."

"तेच तर! चांगल्या घरचे आहेत. एकदा म्हणाले असते तर मानलं असतं."

मी पुष्कळ सांगितलं. धाकटीला एखादी गोष्ट पटवून देण्यापेक्षा व्यायामशाळेतल्या एखाद्याला बाळंतिणीचा गाऊन विकणं सोपं. तिने उरलेल्या सगळ्या गाऊनच्या शिवणी उसवल्या आणि सुती दोऱ्याने पुन्हा घातल्या. बदकंसुद्धा उसवून सुती दोऱ्याने भरली. चांगला पक्का रंग आणला, पाणी स्वच्छ येईपर्यंत गाऊन धुतले. या खेपेला काम असं झालं की बोट ठेवायला जागा नाही. काळ्यावर काळी शिवण. बदकही काळं. ते आहे हे हाताने चाचपल्यावरच कळायचं.

डिझायनरसाहेब माल न्यायला आले. त्यांनी एक गाऊन उलगडला, दुसरा उलगडला. केस डोळ्यावरून मागे सारले, तेव्हा प्रथमच कळलं की तो डोळाही शाबूत आहे.

"टाके कुठे गेले?"

"आहेत की! दिसत नाहीत एवढंच," धाकटी अभिमानाने म्हणाली. "बघा, तुम्ही बोलला नाहीत, पण मी ओळखलं."

"आणि बदक?"

"हात लावून बघा ना."

त्यांनी हात लावला नाही. तो कपाळाला लावला. मग म्हणाले, वरून पांढरे टाके घाला, हाताने, वाकडेतिकडे, घाईघाईत घातल्यासारखे.

"वाकडे?"

"जितके वाईट घालाल तितकं चांगलं."

चिरंजीव आईच्या कानाशी लागले, "आई, मार ना दोन वाकडे टाके. तुझं काय जातं?"

धाकटीने खरंच प्रयत्न केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुकानाच्या भविष्याचा प्रश्न होता, ती काही मूर्ख नाही. सुईत पांढरा दोरा ओवला, जीभ दातांत धरली, ओठ घट्ट मिटून टाके घातले. टाके सरळ आले. तिने ते उसवले आणि डोळे मिटून घातले. ते जास्तच सरळ आले. मग डाव्या हाताने घालून पाहिले. ते वाकडे आले, पण सगळे सारख्याच अंतरावर आणि सारखेच वाकडे, मापून काढल्यासारखे. डिझायनरसाहेबांनी ते पाहून सुस्कारा टाकला. "यात वेदना नाही," म्हणाले, आणि अमावास्येच्या मैत्रिणीकडून पहिल्या खेपेचा एक गाऊन घेऊन निघून गेले. माल जिथल्या तिथे.

चिरंजिवांनी टेप बाहेर काढली.

शनिवारी ते भिंतीवर खडूने रेघा मारत होते आणि धाकटी गाऊनच्या घड्या घालून खोक्यात भरत होती. मी लेबलं लिहीत होते. काम चालू असल्यामुळे कोणी रडत नव्हतं. तेवढ्यात अमावास्या आत आली. तिची मान काळी होती, मनगटं काळी, कानामागेही काळं.

"काकू, तुमचा गाऊन रंग सोडतो! धावत बस पकडली, घाम आला, झालं. काल एका आजींनी मलाच विचारलं, बेटा, हा त्वचारोग पसरतो का?"

धाकटीने खोक्यातला नवा गाऊन काढला, रुमाल ओला केला आणि काळ्या कापडावर खसखसून घासला. रुमाल पांढराच राहिला. अमावास्येने गाऊन हातात घेतला, आतली शिवण ओढून पाहिली, मग बाजूला हात घातला आणि ओरडली, "खिसे! काकू, याला खिसे आहेत, आणि बोटं आत जातात!"

"जुन्यालाही होते की," धाकटी म्हणाली.

"हो, पण हात काळे व्हायचे!"

संध्याकाळपर्यंत तिच्या मैत्रिणी आल्या. एक बस चालवते, एक शाळेत गणित शिकवते, एक दातांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे आणि तिथे पांढरा कोट घालावा लागतो म्हणून जगावर चिडलेली आहे. सगळ्या काळ्या. सगळ्यांना बसायचं, चालायचं, घाम पुसायचा होता. जखमा कोणालाच नको होत्या. बस चालवणारी तर आठव्या महिन्यात होती आणि रजेवर जाणार होती.

"बाळ झाल्यावर काय गुलाबी घालू का मी?" ती म्हणाली, आणि फटींमधून बोटं घालून पाहून खूष झाली. मग चाचपताना तिला छातीवर काहीतरी लागलं. "हे काय आहे?"

"बदक," धाकटी म्हणाली. "दिसत नाही."

"बाळाला दिसायला पाहिजे ना पण."

धाकटीने मशीनवर पिवळा दोरा चढवला आणि बदक नव्याने भरून दिलं. सरळ, व्यवस्थित, चोचीसकट.

खोकी पुन्हा उघडली. चिरंजीव खडू हातात धरून हे पाहत होते. म्हणाले, "निदान अर्धं दुकान तरी..."

"कोपरा," धाकटी म्हणाली. "पंख्याखालचा नाही." पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. सध्या चिरंजीव त्या कोपऱ्यात कवट्यांचं चित्र असलेली कव्हरं विकतात आणि घाम पुसतात.

डिझायनरसाहेबांच्या शोचा फोटो धाकटीने मला परवा दाखवला. वाळल्या फांदीसारखी एक मुलगी, अंगावर काळा गाऊन, गुलाबी शिवणी, पिवळं बदक, आणि खाली त्यांचं एकट्याचं नाव. मला वाटलं आता ही रडणार. तिने चष्मा वर-खाली करून फोटो नीट न्याहाळला.

"चोचीला दोन टाके कमी पडलेत," ती म्हणाली. "त्यांनी कॉपी केलीय, ताई. माझं नाही हे." आणि चहा मागितला.

शनिवार, २८ डिसेंबर. दिवसभर धाकटीच्या दुकानात. लेबलं वाया गेली. मोठं पातेलं परत आलं, आतून काळं, घासून निघालं नाही. आता त्यात जुनी वर्तमानपत्रं ठेवली आहेत.