आमच्या गावाचं न पोचलेलं मत

ज्या दिवशी मी गाव सोडलं त्या दिवशी फाट्यावर सगळं गाव आलं होतं, फक्त माझी माय आली नव्हती. ती तेंदूपानं तोडायला जंगलात गेली होती. बाबांनी पत्र्याची पेटी खांद्यावरून आणली, मोहाच्या झाडाखाली ठेवली आणि एटापल्लीची गाडी येईपर्यंत ते पेटीच्या कडीशी चाळा करत बसले. मी तेरा वर्षांची होते. आश्रमशाळेच्या मैदानावर आठशे मीटर पळताना पाहून पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहाने मला निवडलं होतं. गाडी दिसली तशी मी जंगलाच्या वाटेकडे पाहिलं, तिथे कुणीच नव्हतं. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो राग मी पुढे बावीस वर्षं जपून वापरला.

नुसत्या न येण्याचा राग नव्हता तो. आमच्या गावात गावाचे निर्णय हात वर करून होत नाहीत. आमदार-खासदारांसाठी आम्हीही बोटाला शाई लावतो, पण तळं, बांबू, कुणाचं भांडण, असा घरचा विषय असला की सगळे गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मांडवात, बसतात आणि प्रत्येकाचं हो होईपर्यंत बसतात. एकाचंही हो राहिलं तर विषय पुढे सरकत नाही. इतक्या लांब जाणारी मी गावातली पहिलीच मुलगी, म्हणून माझाही विषय गोटुलात गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं हो झालं. एकटी माय अडून बसली, चांगली अकरा दिवस. मुलांना आत बसू देत नसत. बाहेर कुडाला कान लावला की मला तिचं एकच वाक्य ऐकू यायचं, "माझं हो नाई अजून."

त्यामुळे मी वसतिगृहात आठवडाभर उशिरा पोचले. खालच्या खाटा गेल्या होत्या आणि माझ्या मापाचे बूट संपले होते. पहिले तीन महिने मी एक नंबर मोठ्या बुटात कापूस कोंबून पळाले आणि मैदानाच्या प्रत्येक फेरीला मायला दोष दिला. मोठी खेळाडू मी झालेच नाही. राज्य पातळीवर चौथी येण्यात मात्र मी इतकी तरबेज झाले की मैत्रिणी मला त्याच नावाने हाक मारायच्या.

आता मी पुण्यात एका मोठ्या शाळेत पीटी टीचर आहे. चौथ्या मजल्यावर माझा टू बीएचके आहे, सोसायटीच्या ॲपवर मी 'चारशे दोन' आहे आणि वॉचमनही मला तेवढंच ओळखतो. उन्हाळ्यात गावी जाते. माय आणि मी कोंबड्यांबद्दल बोलतो, तिच्या गुडघ्याबद्दल बोलतो, त्या अकरा दिवसांबद्दल कधीच नाही. फाट्यावर आता प्रवासी निवारा झालाय, तोही असा की गाडी थांबते मोहाच्या झाडापाशी आणि निवारा तिथून चांगला चाळीस पावलं पुढे. आमच्या लोकांना साधा निवारा धड जागी बांधता येत नाही, असं मी दर वर्षी मनात म्हणायचे. आणि चैतूभाऊंचे फोन असायचेच. गोटुलातली बैठक हेच चालवतात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन यायचा, बांबू तोडाई यंदा करू का, तळ्यात मासे कोणते सोडू. म्हाताऱ्या माणसाला बोलायला कुणीतरी हवं असतं, असं समजून मी वह्या तपासता तपासता "हो हो भाऊ, करा" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

यंदा एका वाहिनीने देशाच्या खेळातला सर्वात मोठा क्षण कोणता, यावर लोकांची मतं मागवली. दहा क्षणांची यादी होती, एका मोबाईलला एक मत आणि मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गणिताचे सर आपण जिंकलेल्या क्रिकेटच्या पहिल्या वर्ल्डकपवर अडलेले, सायन्सच्या मॅडम भाल्याच्या सुवर्णपदकावर. माझं मत आठ नंबरला होतं. अडथळ्यांच्या शर्यतीत एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने आपल्या देशाच्या मुलीचं पदक हुकलं आणि ती चौथी आली, ती शर्यत. हरलेली शर्यत सर्वात मोठा क्षण कशी, असं सरांनी विचारलं आणि सगळे हसले. मला ते लागलं. चौथं येणं काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. गावात चाळीसएक मोबाईल आहेत, ती चाळीस मतं तरी तिला मिळवून द्यायची असं मी ठरवलं आणि चैतूभाऊंना लिंक पाठवून कळवलं की सगळ्यांनी आठ नंबर दाबा.

तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. विषय गोटुलात ठेवला होता. मी कपाळाला हात लावला. त्यांना म्हटलं, भाऊ, हे ज्याचं त्याने आपापल्या मोबाईलवर दाबायचं असतं, बसायची गरज नाही. त्यावर ते म्हणाले, "येगयेगळं कसं दाबाचं? मंग भांडण कोण मिटवन?"

मग रोज प्रश्न येऊ लागले. भाला फेकला तो लागला कशाला, हे म्हाताऱ्यांना हवं होतं. जमिनीत रुतला म्हटल्यावर ते फार नाराज झाले. वजन उचलणारी मुलगी एवढा भार डोक्यावर न घेता हातांवर का तोलते, असं बायकांनी विचारलं. क्रिकेटवाली तरणी मुलं दोन दिवस हटून बसली. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती, यावर तर एक अख्खी संध्याकाळ गेली. पापणी लवते त्याच्याही आत, असं मी सांगितलं. सुरुवातीला मला हसू येत होतं. मग लक्षात आलं की स्टाफरूममध्ये आम्ही नुसते ओरडलो होतो, एकमेकांना विचारलं काहीच नव्हतं.

रविवारी आंतरशालेय स्पर्धा होत्या. दिवसभर शिट्टी तोंडात आणि मोबाईल ऑफिसच्या लॉकरमध्ये. साडेसहाला काढला तर चैतूभाऊंचे चौदा मिस्ड कॉल. मी घाबरले. मायचं काही झालं असेल असं वाटलं. फोन लावला तर भाऊ शांतपणे म्हणाले की दुपारीच सगळ्यांचं एक झालं, आठ नंबरवर. मी विचारलं, मग दाबलं का?

"नाई ना. तुझंच हो राह्यलं होतं."

मी म्हटलं, भाऊ, आठ नंबर मीच तर सांगितला होता. ते म्हणाले की ते तू बैठकीच्या आधी सांगितलं, सगळ्यांचं ऐकून झाल्यावर तुझं काय आहे ते कुठे विचारलं होतं. मुदत संपत होती, तर माझ्यासाठी कशाला थांबलात, मी काय तिथे राहते का, असं मी चिडूनच बोलले.

"नाव हाय ना यादीत," भाऊ म्हणाले. "तुझ्या मायनं अकरा दिस कायसाठी धरून ठेवलं होतं मंग?"

आणि मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, कारण मला ते माहीतच आहे असं ते समजून चालले होते. जो गाव सोडून जातो त्याचं नाव गोटुलाच्या यादीतून कापायचं, अशी रीत होती. माझ्या जाण्याला मायचं हो पहिल्याच दिवशी झालं होतं. तिचं नाही होतं ते नाव कापण्याला. पोरगी जाईल तिथे जाऊ दे, पण अठरा पूर्ण झाले की गावच्या प्रत्येक गोष्टीत तिला विचारायचं, ती स्वतः नको म्हणेपर्यंत. म्हातारे तयार नव्हते. एका लांब गेलेल्या पोरीपायी गावाची कामं खोळंबतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. अकराव्या दिवशी ते तयार झाले.

मी लॉकरला टेकून उभी राहिले. बांबू, तळं, मासे. ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं नव्हतं, दर वेळी अख्खं गाव गोटुलात बसून माझ्या 'हो'ची वाट पाहत होतं. आणि मग तो निवारा आठवला. काही वर्षांपूर्वी भाऊंनी विचारलं होतं, फाट्यावरचं मोहाचं झाड तोडून तिथे निवारा बांधू का. मी कसल्या तरी घाईत म्हटलं होतं, नको भाऊ, राहू द्या. तेवढ्यावर झाड राहिलं होतं आणि निवारा चाळीस पावलं पुढे गेला होता. गेली कित्येक वर्षं मी ज्या कामाला नावं ठेवत होते ते माझंच होतं. मला भयंकर लाज वाटली.

भाऊंनी फोन गोटुलातच बसलेल्या मायला दिला. हे मला कधी सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तू इचारलं नाई." मग मी ते विचारलं जे बावीस वर्षं विचारलं नव्हतं, की त्या दिवशी फाट्यावर का आली नाहीस.

"पोचवाले कायले येऊ? नाव तं इथीच ठेवून घेतलं होतं."

तेव्हा मी रडले, ऑफिसात, शिपाईकाकांसमोर. तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना कळेल मी काय म्हणते ते. या शहराने मला नोकरी दिली, फ्लॅट दिला, मी त्याच्यावर रुसलेली नाही. पण मी आले नाही म्हणून इथे काही थांबलंय, असं कधी झालं नाही. सोसायटीची मीटिंग कोरम नसला तरी अर्ध्या तासाने त्याच जागी भरते. आणि तुम्ही जे मागे राहिलात, मला माफ करा. तुमच्या इतक्या प्रश्नांना मी न ऐकता हो म्हटलं. आता घर म्हटलं की मला भिंती आठवत नाहीत, माझं हो राहिलंय म्हणून चौदा वेळा फोन लावणारी माणसं आठवतात.

मतमोजणीत वर्ल्डकपचा क्षण पहिला आला. आठ नंबर शेवटून दुसरा आला आणि आमच्या गावाचं मत त्यात नव्हतंच. पण त्या संध्याकाळी चैतूभाऊंनी फोन परत घेतला आणि विचारलं की मुदत गेली तर गेली, ठराव वहीत लिहायचा आहे, मंग तुझं काय, हो का नाई. सवयीने हो तोंडावर आलंच होतं. मी ते गिळलं आणि मैदानाच्या पायरीवर जाऊन बसले.

"माझं हो नाई अजून, भाऊ," मी म्हटलं. "कोण काय म्हणालं, ते आधी सगळं सांगा."