हळदीच्या गावचा माणूस

नामदेवरावांना कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती दिली, त्यात स्वेच्छा कारखान्याची होती आणि निवृत्ती तेवढी नामदेवरावांची. त्या वर्षांत सगळीकडे हेच चाललं होतं. बाजारात नवनवे परदेशी साबण येत होते आणि नामदेवरावांच्या मलकपेठ वस्तीत पन्नाशीची धडधाकट माणसं दुपारी दारात पेपर वाचत बसत होती.

रिकाम्या माणसाला काहीतरी येत असावं लागतं, नाहीतर घरातलं मांजरही विचारत नाही. नामदेवरावांना हळद येत होती. जन्म वसमतकडचा, बापजाद्यांची हळदीची शेती. त्यामुळे जमिनीखाली वाढणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल ते शेवटचा शब्द सांगत. बायको चतुराबाई म्हणायची, "तीस वर्षं मातीची नाही, फाईलींची भर लावली, पण बोलणं बघा!"

सरकारी बागेत आयरिस नावाच्या विलायती फुलांचा एक वाफा होता. थंडी सरता सरता तो फुले, अर्धा जांभळा, अर्धा पांढरा, आणि पावसाळ्याआधी विरळणी करताना माळी मागेल त्याला एकेक गड्डा देई. शेजारच्या सावित्रीबाईंनी जांभळा मागून घेतला. "माझ्या लग्नातल्या शालूचा रंग आहे भाऊजी हा," त्या म्हणाल्या. शालू केव्हाच विरून गेला होता, नवराही गेला होता.

नामदेवरावांनीही एक घेतला. माळ्यानं दोघांना बजावलं, "गड्ड्याची पाठ उघडी ठेवा, उन्हात." नामदेवराव मिशीत हसले. घरी येऊन त्यांनी आपला गड्डा हळदीसारखा वीतभर खोल पुरला, वर मातीची भर लावली, रोज पाणी घातलं. काही उगवलं नाही. "मेलेला गड्डा दिला लेकांनी," असं त्यांनी जाहीर केलं.

आषाढात सावित्रीबाई मुलीच्या बाळंतपणाला नांदेडला निघाल्या. आपल्या आयरिसची कुंडी नामदेवरावांच्या ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "जास्त काही करू नका हो. नुसतं बघा."

नुसतं बघणं हे नामदेवरावांच्या रक्तात नव्हतं. उघडा पडलेला तो गड्डा बघून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी मायेनं त्याला खोल पुरलं, भर लावली. पंधरवड्यात पातं पिवळं पडलं. उकरून पाहिलं तर हाताला चिखलासारखं काहीतरी लागलं आणि असा वास सुटला की चतुराबाईनं खिडकी लावून घेतली. तेव्हा नामदेवरावांना स्वतःचाही गड्डा कशानं गेला ते कळलं. अंगणातल्या नळावर ते कितीतरी वेळ हात धूत राहिले.

सांगून टाकता आलं असतं. पण हळद गेली तर त्यांच्याकडे उरत काय होतं? दुसऱ्या दिवशी ते बागेत गेले, माळ्याची पाठ फिरताच वाफ्यातून एक गड्डा उपटला, पिशवीत घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा चोरी करून बसनं घरी आले. या खेपेला पाठ उघडी ठेवली.

सावित्रीबाई परतल्या, ताजी पाती बघून हरखल्या. "गुण आहे बाई तुमच्या हाताला!" त्यांनी पेढे दिले. नामदेवरावांनी आपला पेढा चतुराबाईच्या हातावर ठेवला.

माघात कळी आली, उमलली. पांढरीशुभ्र.

"फसवलं मला त्या माळ्यानं," सावित्रीबाई पायात चपला घालत म्हणाल्या. "चला भाऊजी, तुम्ही साक्षीला. तुमच्यासमोर जांभळा मागितला होता की नाही?"

मागितला होता. नामदेवराव त्यांच्या मागोमाग गेले.

वाफ्यापाशी बाईंनी माळ्याला चारचौघांत फैलावर घेतलं. म्हातारा आधी आपल्या दखनीत म्हणाला, "नै अम्मा, जांभळाच दिया मैं." मग माणसं जमली तसा त्याचा आवाज खाली आला, आणि त्यानं हात जोडले. "गलती हुई होगी अम्मा. साहब को नक्को बोलो."

आपल्या चुकीसाठी दुसऱ्याचे हात जोडलेले नामदेवरावांना बघवले नाहीत. "वहिनी," ते म्हणाले, "तुमचा मी कुजवला. हा इथून चोरलेला आहे." उरलेलंही त्यांनी सांगितलं, खोल पुरल्याचं, भर लावल्याचं.

सावित्रीबाईंनी माळ्याची माफी मागितली. बसमध्ये त्या पुढे बसल्या, नामदेवराव मागे उभे राहिले. जागा रिकामी होती.

मलकपेठेत उतरल्यावर त्या थांबल्या.

"त्याच दिवशी सांगितलं असतंत ना भाऊजी, तर मी पोट धरून हसले असते. हळदीचा माणूस, आयरिसला भर लावतो! गल्लीभर सांगत सुटले असते." त्यांचा आवाज कापला. "आता कोणाला सांगू?"

आणि त्यांनी खरोखरच कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी ती कुंडी मात्र त्यांनी नामदेवरावांच्या ओट्यावर आणून ठेवली. फूल चांगलं टवटवीत होतं. येणारा-जाणारा थांबून म्हणे, "वा नामदेवराव, शेवटी हळदीच्या गावचा माणूस!"

नामदेवराव उठून आत जात.