ह्यो मानूस कोण?

बूटपॉलिशचा वास आला की उंब्रजच्या घराची ओसरी आठवते. फौजेतून निवृत्त झालेले वडील तिथे बूट पुसत बसलेले, आणि गावच्या स्मरणिकेसाठी मी त्यांच्यावर लेख लिहीत होते. "पलटणीत मी सैपाकी हुतो. बर्फात पोरांस्नी गरम चपाती घातली. तसंच लिव," ते म्हणाले. आई आतून म्हणाली, "आगं, लोक हसतील. लढाईचं कायतरी लिव." मी लेखात त्यांच्या हाती बंदूक दिली. छापलेला लेख त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "लय झ्याक लिवलंस पोरी, पर ह्यो मानूस कोण?" आज खरं लिहायला बसले, तर पहाटे ते कधी उठायचे, हात भाजायचे का, घर कधी आठवायचं, काहीच मला ठाऊक नाही, आणि विचारावं, तर ते नाहीत.