मानाचा टॉवेल आणि चिंगीची पसंती

मला आयुष्यात सर्वांत आधी पसंत केलं ते एका शेळीनं. शेळी आमचीच, नाव चिंगी, जात संगमनेरी. आणि ही पसंती तिनं भर बैठकीत, माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांच्या देखत जाहीर केली.

तेव्हा मी शेवगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होतो (अजूनही शिकवतो, पण पूर्वीइतक्या आत्मविश्वासानं नाही). वय बत्तीस. नोकरी पक्की, केस मात्र कच्चे. चार-पाच ठिकाणच्या लोकांनी 'कळवतो' म्हणून चहा पाजून पाठवलं होतं आणि नंतर काहीच कळवलं नव्हतं. अशात तिसगावच्या पुढच्या एका वस्तीवरून अश्विनीचं स्थळ आलं. फोटो बघितला आणि छातीत धडधडायला लागलं. हे स्थळ हातचं गेलं तर आपण कायमचे संपलो, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. स्थळ आणलं होतं मुलीच्या भानुदासमामांनी. ते शेजारच्याच वस्तीवर राहायचे आणि त्यांच्या शब्दाबाहेर ते घर नव्हतं. "मामाचा मान तेवढा संभाळा, बाकी समदं आपसूक हुतंय," असं त्यांनी स्वतःच फोनवर बजावलं होतं.

मुलगी बघायला जायच्या दिवशी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातून ओरडतच आले.

"आरं, चिंगी माजावर आली!"

"मग?"

"मग काय मग? भानुदासमामाकडं तालुक्यात नावाजलेला बोकड हाय. आपुन तिकडंच चाललोय. एका खेपंत दोन्ही कामं!"

"अण्णा, मुलगी बघायला शेळी घेऊन जायचं?"

"आज चुकली तर तीन आठवडं थांबावं लागतंय तिला. तुझं काय, तू तर थांबलायसच!"

आईचे गुडघे धरले होते म्हणून ती आली नाही (आणि अजूनही हळहळते). आम्ही शेजाऱ्याचा टेम्पो घेतला. पुढं इस्त्रीच्या शर्टात मी आणि अण्णा, मागं चिंगी. तिचं ओरडणं थेट तिसगावपर्यंत थांबलं नाही. फाट्यावरची माणसं आधी तिच्याकडं बघत आणि मग माझ्याकडं!

आधी मामांच्या गोठ्यावर गेलो. बोकडाचं नाव होतं कलेक्टर. होताही तसाच. भरदार मान, लोंबते कान, गळ्यात मण्यांची माळ, नजरेत अधिकार.

"पाव्हणं येणार म्हणून सकाळीच शाम्पूनं धुतलाय," मामा अभिमानानं म्हणाले. "वर सेंट मारलाय!"

चिंगीनं कलेक्टरला एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्यानं पाय आपटले, वरचा ओठ मुडपला, जीभ बाहेर काढून बडबड केली. चिंगी शांतपणे कुंपणाच्या बोरीचा पाला खात राहिली. मामांचा चेहरा उतरला. कलेक्टरला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला पगारच बोलण्याचा मिळतो.

"मामा, निसर्गात निवड मादीची असते," मी सुरू केलं. "मोर पिसारा कुणासाठी फुलवतो? सुगरणीचा नर खोपा विणतो, मादी येऊन तपासते, नाही आवडला तर बिचारा दुसरा विणायला घेतो. बोकडाचा सगळा कारभार वासावर. माजाच्या दिवसांत तो स्वतःच्याच दाढीवर मुततो, तोच त्याचा सेंट! तुम्ही त्याचा बायोडाटाच धुऊन टाकलात!"

मामा माझ्याकडं बघत राहिले.

"म्हंजी चूक माझी?"

अण्णांनी मला कोपरानं ढोसलं. "न्हाई न्हाई! चूक शेळीची!"

मामांनी राग गिळला. "ऱ्हाऊ द्या. आधी पोरगी बघू, मग हिचं बघू. पण पाव्हण्यानं माझ्या दारातनं मोकळ्या खांद्यानं जायचं न्हाई." असं म्हणून त्यांनी मला टोपी घातली आणि गोठ्यातल्या वळणीवरचा कोरा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला. (घरात उंदीर फार, म्हणून सत्काराचे टॉवेल ते गोठ्यात टांगून ठेवत. त्या वळणीखाली उभं राहून कलेक्टर गेला महिनाभर त्या टॉवेलाला दाढी घासत होता, हे तेव्हा मामांच्याही ध्यानात आलं नव्हतं.) सगळा गोठाच घमघमत होता, त्यात टॉवेलाचा वेगळा वास कुणाला येणार!

तो आला अश्विनीच्या घरी, बैठकीच्या खोलीत, पंखा लावल्यावर.

चिंगीला बाहेर बांधलं होतं. आत समोर मुलीचे वडील, आबा. माझ्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला अण्णा. दाराच्या पडद्याआड बायकांची कुजबुज. पंख्याचा वारा टॉवेलावरून फिरला आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आबांनी नाक चोळलं. मग खिडकी उघडली. मग माझ्यापासून खुर्ची थोडी मागं घेतली.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेर चिंगी माजावर, आत मी बोकडाचा सगळा बायोडाटा खांद्यावर घेऊन बसलेला!

मी हळूच खांदा उडवून टॉवेल खाली सरकवला.

"घसरला, सर," म्हणत मामांनी तो परत नीट बसवला.

मी दुसऱ्यांदा सरकवला. मामांनी आता त्याला माझ्या मानेभोवती एक वेढाच दिला. "मानाचा हाय," ते म्हणाले. आवाज जरा कडक होता. आता काढावा तर मामा बिघडणार, ठेवावा तर सासरे पळणार!

"छंद काय तुमचे?" आबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि बाहेर दोरी तुटली.

चिंगी उंबरा ओलांडून थेट आत आली. वाटेत आबा होते, मामा होते, ज्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं ते अण्णा होते. तिनं कुणाकडं ढुंकूनही बघितलं नाही. सरळ माझ्या मांडीवर पुढचे पाय ठेवले, मानेत तोंड खुपसलं, भरपूर हुंगलं आणि डोळे मिटले. मग खाली उतरली, माझ्याकडं पाठ केली आणि शेपटी भराभरा हलवायला लागली!

गुरंढोरं पाळणाऱ्या घरात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पडद्याआड कुणीतरी फिस्सकन हसलं. आबांनी कपबशी खाली ठेवली.

"मास्तर," ते अगदी सावकाश म्हणाले, "ही तुम्हाला लईच जीव लावती."

अण्णा माझ्या मदतीला धावले (तेवढंच बाकी होतं). "न्हाई हो! तिच्याच मनात काय आसंल ते. ह्यो तिच्याकडं बघत बी न्हाई!"

नेमकी तेव्हाच अश्विनी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली. फोटोपेक्षा कितीतरी छान दिसत होती. तिनं शेळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी चप्पल घालायलाही थांबलो नसतो.

मी ताडकन उठलो. "हा टॉवेल बोकडाचा आहे!"

"काय?" मामा उभे राहिले. "म्या दिलेल्या मानाला बोकडाचा म्हनता? आबा, मोडलं समजा हे लगीन!"

"मामा, ऐका..."

"सकाळी माझ्या बोकडाला नावं ठिवली, आता माझ्या टॉवेलाला!"

बोलून उपयोग नव्हता. मी टॉवेल मुठीत धरला आणि पळत सुटलो. माझ्यामागं चिंगी, तिच्यामागं "चिंगे, थांब गं!" करत अण्णा, त्यांच्यामागं शिव्या देत मामा आणि मग आबांसकट सगळं घर. बांधावरून पळताना टोपी उडाली. गोठ्यात शिरून मी तो टॉवेल कलेक्टरच्या मानेवर टाकला आणि बाजूला झालो.

सगळे कुंपणाला धरून श्वास रोखून उभे राहिले. चिंगी थबकली. तिनं मला हुंगलं. टॉवेल हुंगला. पुन्हा मला हुंगलं. (माझं सगळं भविष्य त्या क्षणी एका शेळीच्या नाकात होतं!) मग तिनं माझ्याकडं साफ पाठ फिरवली, कलेक्टरशेजारी जाऊन उभी राहिली, आणि शेपटी हलली.

"बघा!" मामा एवढ्यानं ओरडले की कोंबड्या उधळल्या. "कलेक्टरला न्हाई म्हनंल अशी शेळी हाय का ह्या तालुक्यात?" टॉवेलाचा त्यांना पूर्ण विसर पडला होता. त्यांनी मला कडकडून मिठी मारली आणि मग लगेच सोडून दिली, कारण वास अजून येत होता.

पण खरा निकाल अजून लागायचा होता. अश्विनी कुंपणापाशी उभी होती. आबांनी तिथंच सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुझं काय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी टोपीशिवाय, टॉवेलाशिवाय, शर्टावर शेळीच्या खुरांचे ठसे घेऊन उभा. वाटलं, आता ही 'कळवते' म्हणणार.

"मला चालतंय," ती म्हणाली.

मला गोठ्यातच रडू फुटलं. लोकांना वाटलं, वासानं डोळे झोंबले.

परवा, लग्नाला तीन वर्षं झाल्यावर, मी लाडात येऊन विचारलं, "अशा अवतारात तू माझ्यात नेमकं पाहिलंस तरी काय?"

"तुमच्यात?" ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुम्हाला मी नीट बघितलंच कुठं! मी आत चहा टाकताना खिडकीतनं अण्णांना बघत होते. दारात आल्या आल्या त्यांनी आधी शेळीला सावलीत बांधलं, पाणी मागून पाजलं, मग स्वतः तोंड धुतलं. म्हटलं, ह्या माणसाच्या घरात सुनेचे हाल होणार नाहीत."

म्हणजे त्या दिवशी दोघींनी निवड केली. एकीनं टॉवेल पसंत केला, दुसरीनं सासरा. मी दोन्हीकडं नुसता सोबत गेलो होतो!