लुप्त झालेली बाई

गल्लीत सगळे तिला जाळीवाली म्हणत. बंदरातल्या बोटींची फाटकी जाळी शिवून देणं हे तिचं काम. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात सुई दिली, त्याला आता सदतीस वर्षं झाली. नवरा गेला, मुलगी सासरी गेली. पण खिडकीच्या गजाला जाळं अडकवायचं, बुटक्या स्टुलावर बसायचं आणि दुपारपर्यंत मान वर करायची नाही, हा नेम काही चुकला नाही. दोरा ओढून ओढून करंगळीला कायमची खाच पडली होती.

त्या मंगळवारी दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर पावलं वाजली. फटीतून पाहिलं तर पिवळ्या टोप्या घातलेली वीसेक तरुण मुलंमुली. कुठल्याशा युवक मंडळाची, शहर बघायला आलेली सहल. त्यांच्यापुढे कमरेला स्पीकर लावून उभा असलेला गाइड म्हणजे तिचा सख्खा भाचा. तिला बरं वाटलं. पोरगं कामाला लागलं म्हणून तिनेच बहिणीकडे पेढे नेले होते.

मग स्पीकरमधून आवाज आला, "या घरांमध्ये पूर्वी मच्छीमार कुटुंबं राहत असत. बायका दारात बसून जाळी शिवत. आता ही घरं ओस पडली आहेत आणि ही कला लुप्त झाली आहे."

जाळीवालीच्या मांडीवर त्या क्षणी अर्धं शिवलेलं जाळं होतं. तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच उठली आणि जाळं ओढत दारात आली.

"कोण लुप्त झालं रे?"

भाच्याचा चेहरा पडला. "मावशी, आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? नंतर मी लुप्त झालेली असेन."

मुलं हसली. ती हसली नाही. "वरच्या माळ्यावर इंजिन दुरुस्त करणारा राहतो. शेजारी दोन भाऊ आहेत, आत्ता समुद्रावर गेलेत. या ओळीत अकरा घरं आहेत आणि अकराही घरांत आज चूल पेटली आहे. ओस काय पडलंय?"

पुढच्या मुलीने मोबाइल वर केला. "फोटो काढू का?"

"फोटो नको. हे धर." तिने जाळ्याचं टोक मुलीच्या हातात दिलं. "ताणून धर. आता कळलं, किती जड असतं ते?"

मुलीने मान हलवली आणि टोक सोडलं नाही. पण मंडळाचे प्रमुख घड्याळ दाखवत म्हणाले, बस थांबली आहे, संग्रहालय बंद होईल. पिवळ्या टोप्या निघून गेल्या. ती मुलगी दोनदा मागे वळून बघत होती.

संध्याकाळी भाचा आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. "मावशी, ते माझं बोलणं नाही. पर्यटन कार्यालयातून कागद येतो. त्यातला शब्द बदलला तर मला घरी बसवतील."

"तू काय वाचतोस ते तुला कळत होतं ना? लहानपणी याच खोलीत झोपायचास."

तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला. दुसऱ्या दिवशी मात्र तोच तिला कार्यालयात घेऊन गेला.

तिथल्या साहेबांनी शांतपणे नकाशा उलगडला. त्यावर तिची ओळ करड्या रंगाने भरली होती आणि बाजूला लिहिलं होतं: रिकामी घरे. पुढे तिथे पाहुण्यांसाठी खोल्या करायचा विचार होता. आता कुठे तिला उलगडा झाला. भाच्याच्या कागदावर उगाच 'पूर्वी' आलं नव्हतं.

"पाहणी कोणी केली?" तिने विचारलं.

"आमच्या माणसाने. दारं बंद होती म्हणे."

"आम्ही कामाला जातो, साहेब. दार बंद असलं की आतली माणसं मेली का?"

साहेब म्हणाले, अर्ज द्या, बघू. ती 'बघू' म्हटल्यावर निघून जाणाऱ्यांतली नव्हती. पण शुक्रवारी बोटीला जाळं द्यायचं होतं, हातातलं काम खोळंबून चालणार नव्हतं. म्हणून दुसऱ्या सकाळी तिने जाळंच कार्यालयात आणलं. जिन्याच्या कठड्याला बांधलं आणि पायरीवर बसून शिवायला घेतलं. येणारा-जाणारा वाकून, बाजूने वाट काढू लागला. शिपाई म्हणाला, "बाई, इथे बसता येत नाही." ती म्हणाली, "मी इथे नाहीच. मी लुप्त झालेय. साहेबांना विचारा."

शिपायाला हसू आवरेना. दुपारी इंजिनवाला आला, मग शेजारच्या भावांची आई, मग ओळीतले बाकीचे. बसायला पायऱ्या कमी पडल्या.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी स्वतः गल्लीत येऊन अकराही दारं वाजवली. नकाशावरचा करडा रंग गेला, 'पूर्वी' हा शब्दही गेला. तिची माफी मात्र कोणी मागितली नाही. चूक 'माहितीतील तफावत' होती, असं नंतर कार्यालयातून आलेल्या पत्रात लिहिलं होतं. ते वाचून ती पुन्हा भडकली आणि पत्र भाच्याच्या हातात कोंबून म्हणाली, "हे वाच स्पीकरवर."

त्याने ते वाचलं नाही. पण पुढची सहल आणली तेव्हा स्पीकर बंद करून आधी दार वाजवलं.

"मावशी, मुलं आली आहेत. आणू का आत?"

"दहा मिनिटं थांबव. गाठ अर्धवट आहे," ती आतून म्हणाली, आणि त्यांना पुरती पंधरा मिनिटं उभं ठेवलं.