मिशीकाका आणि अकरा किलो

मिशीकाकांची रंग तपासायची रीत साधी होती. गाडीचा रंग वाळला की ते खिशातून छोटा कंगवा काढायचे, गाडीच्या नाकासमोर उकिडवे बसायचे आणि त्या रंगात बघून मिशी विंचरायचे. मिशीचा केस न् केस दिसला तर रंग झाला. नाही दिसला, तर पुन्हा एक हात. कुणी "काका, पुरे झालं की आता" म्हटलं, तर त्याच्याकडे असं बघायचे की तो बिचारा मुकाट्याने आपल्या कामाला लागायचा.

गाडी म्हणजे साधीसुधी मोटार नव्हे बरं का! शर्यतीची. एकाच माणसाची, उघड्या चाकांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी. आणि टीम म्हणाल तर इनमीन आठ माणसांची, एका जुन्या गोदामात थाटलेली, कायम ओढाताणीत. इतरांकडे दोन-दोन गाड्या आणि सुट्या भागांना वेगळा ट्रक. यांच्याकडे एक गाडी आणि एक ट्रक, तोही मालक स्वतः चालवायचे, कारण ट्रकवाला गेल्या वर्षी सोडून गेला होता. जाहिरातदार तर एक टिकेल तर शपथ! पहिल्या वर्षी टायरवाले आले, गाडी लाल झाली. ते गेले, पंपवाले आले, गाडी हिरवी. मग चपलावाल्यांची पिवळी, कुलूपवाल्यांची निळी, आणि आता कुणा साबणवाल्यांची पांढरी. दर वेळी चार दिवसांची मुदत. दर वेळी काका जुन्या रंगावर जरा पॉलिश पेपर फिरवायचे, खाचखळगे पुट्टीने बुजवायचे आणि वर नवा रंग मारायचे, सात हात. जुना खरवडत बसायला वेळ होता कुणाला?

या हंगामात मात्र गाडी काही केल्या पुढे सरकेना. नियमात जेवढं किमान वजन लागतं त्यापेक्षा ती अकरा किलो जास्त भरत होती. घरच्या मोटारीत अकरा किलोंचं काय घेऊन बसलात, भाजीच्या दोन पिशव्या! पण शर्यतीत तेच अकरा किलो दर वळणावर पाय ओढतात. मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "शेवटच्या शर्यतीत पहिल्या दहांत आलो तर पुढच्या वर्षी आपल्याला प्रवेश. नाही आलो, तर या गोदामाला कुलूप." आणि जाता जाता हेही म्हणाले की तरलोच, तरी आठातलं एक माणूस कमी करावं लागेल. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. आठही जण आपापल्या चपलांकडे बघत राहिले.

वजन कमी करायचं काम इंजिनिअरचं. त्याला सगळे ग्रॅमसाहेब म्हणत, कारण तो चहाचा कप उचलतानासुद्धा मनातल्या मनात त्याचं वजन करायचा. त्याने पेडलला भोकं पाडली, गिअरच्या दांड्याला भोकं पाडली, बोल्ट कापून आखूड केले. पेडल तर असं झालं की त्यातून चहा गाळून घ्यावा. एवढं करून अख्खा दीड किलो उतरला. मग त्याची नजर गेली ड्रायव्हरवर.

ड्रायव्हर म्हणजे तिशीतली उंच पोरगी. हसायला लागली की गोदामाचे पत्रे वाजायचे. तिचं एकाच गोष्टीवर मनापासून प्रेम होतं, पावावर. कोपऱ्यावरच्या बेकरीतला गरम पाव ती कोरडाच खायची, चालता चालता, अर्धा रस्ता संपेपर्यंत संपवायची. ग्रॅमसाहेबाने पाव बंद केला. रोज सकाळी तिला गोदामातल्या मोठ्या काट्यावर उभं करायचं, आकडा वहीत लिहायचा आणि हातात काकडीचा डबा द्यायचा. पोरगी हसायची बंद झाली. काकांना ते बघवत नव्हतं. त्यांना स्वतःची मुलगी नव्हती आणि ही त्यांना "काका, मिशी वाकडी झालीय" म्हणायची, तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

शर्यतीला आठ दिवस उरले असताना मालकांनी नवा जाहिरातदार आणला. गादीवाला. त्याला गाडी जांभळी हवी होती. रविवारी सुट्टी होती, पण रंगाची छटा जुळवायची म्हणून मिशीकाका एकटेच गोदामात आले. नमुना मारायला त्यांनी भिंतीवरचं जुनं नाक काढायचं ठरवलं. पहिल्या वर्षी तडा गेलेलं, लाल, तेव्हापासून आठवण म्हणून खिळ्याला टांगलेलं. काका स्टुलावर चढले, दोन्ही हातांनी नाक धरलं, नेहमीचा जोर लावून उचललं आणि मागच्या मागे स्टुलावरून खाली आले. नाक कागदाचं असावं तसं हातात आलं होतं.

काका जमिनीवर बसूनच त्याच्याकडे बघत राहिले. मग उठून गाडीचं नाक खोलून हातात घेतलं. मग लाल उचललं. मग पुन्हा पांढरं. पांढरं नाक कवटाळून ते काट्यावर उभे राहिले, पण नाकापुढे काट्याचा आकडा दिसेना, आणि चष्मा तर घरीच राहिलेला.

तेवढ्यात बायको चष्मा घेऊनच दारात आली. "अहो, हा विसरलात... आणि हे काय चाललंय? लहान मुलासारखं काय धरून उभे आहात?"

"बडबड नंतर कर. आकडा वाच."

तिने वाचला. मग काकांनी लाल नाक घेतलं. तिने पुन्हा वाचला. फरक दोन किलो दोनशे ग्रॅम. तडा सोडला तर दोन्ही नाकं एकाच साच्यातली, सख्खी भावंडं. एकावर रंग एकदाच लागलेला. दुसऱ्यावर पाच वर्षांचा, पुट्टीसकट. आणि हे नुसतं नाक झालं. दोन्ही बाजू, इंजिनावरचं झाकण, मागचा पंख, सगळं राहिलंच होतं.

"म्हणजे ते अकरा किलो..." बायको म्हणाली.

"माझे," काका म्हणाले. "ती पोरगी काकड्या चावतेय माझ्या मिशीपायी."

"मग उद्या सांगून टाका ना."

"सांगू? आणि मग रंगच नको असलेल्या गाडीला रंगारी कशाला हवा? मालकांना कोण कमी करायचं ते ठरत नव्हतं, मी आपणहून मान पुढे करू? या वयात मला कोण घेणार? सगळीकडे आता स्टिकर चिकटवतात."

बायकोने चष्मा त्यांच्या खिशात ठेवला आणि घरी गेली.

सोमवारी काका गप्प. मंगळवारी गप्प. जांभळ्या रंगाचे डबे आले, त्यांनी झाकणं उघडली आणि पुन्हा लावली. बुधवारी सकाळी ड्रायव्हर काट्यावर उभी राहिली. ग्रॅमसाहेबाने आकडा लिहिला, "अजून तीनशे ग्रॅम हवेत" म्हणाला, आणि ती खाली उतरताना झोक जाऊन काकांच्या अंगावर आली. काकांनी तिला धरलं. हातात काय लागलं तर नुसती हाडं.

"कसले तीनशे ग्रॅम रे गाढवा!" मिशीकाका इतक्या जोरात ओरडले की मालक ट्रकखालून बाहेर आले. "तिला सोड! चोर मी आहे, मला धर!"

लाल नाक त्यांनी ग्रॅमसाहेबाच्या एका हातात दिलं आणि पांढरं दुसऱ्या हातात. ग्रॅमसाहेबाला काटा लागलाच नाही. त्याचा एक खांदा खाली गेला आणि चेहरा पडला. जन्मभर वजनं करणाऱ्या माणसाने रंगाचं वजन कधी केलं नव्हतं. रंग म्हणजे रंग, त्याला काय वजन असतं, असंच त्यालाही वाटलं होतं.

"सगळा खरवडायचा," काका म्हणाले. "खालचं काळं फायबर दिसेपर्यंत. रंग काढायचं औषध लावलं तर फायबर खराब होईल, हातानेच घासावं लागेल. आणि हो, मग रंगाऱ्याचं काम राहत नाही, ते मला समजतं."

मालकांनी मान खाजवली. मग त्यांनी गादीवाल्याला फोन लावला आणि चाचरत सांगितलं की गाडी जांभळी होणार नाही, काळीच राहील. पलीकडून गादीवाला म्हणाला, "काळी? उत्तम! माणसाला झोप लागते कशात, अंधारातच ना? नाव तेवढं नीट लिहा." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

बुधवार दुपारपासून शुक्रवारपर्यंत आठही माणसं घासत होती, आणि नववी काकांची बायको, पदर खोचून. पांढऱ्याखालून निळा आला, निळ्याखालून पिवळा. "या चपलावाल्यांनी आपल्याला फुकट चपला दिल्या होत्या, दोन्ही डाव्या पायाच्या," कुणीतरी म्हणालं आणि किती दिवसांनी गोदामात हशा पिकला. हिरवा आला तेव्हा मालकांना पंपवाल्यांच्या वेळचा सातवा नंबर आठवला. आपल्याच हाताचं काम काका आपल्याच हाताने पुसत होते. लाल आला तेव्हा एकदाच थांबले, कपाळाचा घाम पुसला आणि पुन्हा घासायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी काट्यावर चढली. नऊ किलो चारशे कमी. ग्रॅमसाहेबाने आधी उतरवलेला दीड किलो धरला तर अकराला शंभर ग्रॅम कमी. तो वही बंद करून काकांना मिठीच मारायला गेला. काका म्हणाले, "लांब हो, अंगावर धूळ आहे, तिचंही वजन करशील."

गाडीवर नंबर आणि गादीवाल्याचं नाव लिहायचं उरलं होतं. काकांनी बारीक ब्रश घेतला, एकच पातळ हात दिला. लिहिण्याआधी डबा तोलला, लिहिल्यावर पुन्हा तोलला. "अठ्ठावन्न ग्रॅम," त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. काळ्या फायबरात मिशी काही दिसत नव्हती. कंगवा त्यांनी पिशवीत टाकला. त्याच पिशवीत ब्रश, एप्रन, सगळंच भरलं. शर्यत झाली की परस्पर घरी जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

रविवारी दुपारी शर्यत झाली. काका कठड्याला धरून उभे होते, डोळे मिटून. बायको त्यांना सांगत होती, "बारावी... अकरावी... अहो, अकरावीच आहे अजून." शेवटच्या फेरीत काळी गाडी वळणातून पुढच्या गाडीच्या आधी वेग घेऊन बाहेर पडली आणि बायकोने काकांचा दंड इतका आवळला की त्यांना कळलंच. दहावी! शेवटची जागा, पण दहांतली.

मालक रडले. ग्रॅमसाहेबाने वही हवेत फेकली. काका गर्दी चुकवून पिशवी घेऊन निघाले होते, तर वाटेत ड्रायव्हर बसलेली. टायरवर, हेल्मेट मांडीत, हातात अख्खा पाव. कुठून आणला कोण जाणे.

काकांनी पिशवी खाली ठेवली. एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती सांगितल्याशिवाय त्यांना जाता येईना.

"पोरी, मला रविवारीच कळलं होतं. मी बुधवारी बोललो. तीन दिवस तू माझ्यामुळे उपाशी राहिलीस. मला नोकरीची भीती वाटली."

तिचा घास तोंडातच थांबला. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, मग बाहेर डोकावणाऱ्या एप्रनकडे.

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

"मालक!" ती ओरडली. "काका पळून चाललेत!"

मालक धावत आले, डोळे अजून ओले. "कुठे निघालात? मघापासून दोन टीमवाले मला विचारताहेत, एवढा पातळ रंग कुणी मारला म्हणून. त्यांच्याही गाड्या जड आहेत. मी सांगितलं, आमच्या रंगाऱ्याला विचारा, पण तो आमचा आहे. आठातलं एक कमी करायचं बघू नंतर, ही कामं आली तर कदाचित नकोच."

काकांची मिशी थरथरायला लागली, ती त्यांनी हाताने दाबून धरली.

"माझं अजून संपलं नाही," ड्रायव्हर म्हणाली. पावाचा मोठा तुकडा तोडून तिने त्यांच्या हातात कोंबला. "तीन दिवस मी खाल्लं नाही. आता उद्यापासून तीन दिवस सकाळी गरम पाव तुम्ही आणायचा. बेकरी सातला उघडते. एक मिनिट उशीर चालणार नाही."

सोमवारी पावणेसातलाच मिशीकाका बेकरीच्या बंद दारासमोर उभे होते, कंगव्याने मिशी नीट करत, काचेत बघून.